पल्याड ऐकू गेलेला ढोल

प्राणहितेच्या काठी लच्छू ढिवराचा डोंगा होता. एकाच झाडाचं खोड कोरून केलेला. बसणारा जरा हलला की तोही हलायचा. अल्याड आपला चांदा जिल्हा, पल्याड हैदराबादचं राज्य. तिकडची बोली तेलगू, पोलीस वेगळे, नाणंही वेगळं. तरी दोन काठांवरच्या दोन गावांचं सख्य पिढ्यांचं होतं. वाघ माजला की एकमेकांच्या हाक्याला जायचं, रान उठवून वाघ हाकायचा, एवढाच करार. रान एका गावाच्या माणसांत मावत नाही, दोन गावं लागतात. गेल्या साली वाघ अल्याडचे गोऱ्हे फाडत होता, तेव्हा पल्याडची माणसं झाडून सारी आली होती. त्यांच्यातला राजय्या कोळी तर भाकरही घरूनच बांधून आला होता. आपल्यापायी कोणाच्या चुलीवर बोजा नको, म्हणे.

निरोप न्यायचा तो लच्छूनं. तो पल्याड जाऊन बोलला की गाव बोललं असं धरत.

मग देशातली पहिली निवडणूक आली. उमेदवारागणिक मतांचा वेगळा डबा, त्यावर त्याचं चित्र चिकटवलेलं. भैयाजी पाटील शिडीच्या बाजूनं झाला, धानाचा व्यापारी गुणवंतराव तराजूच्या. शिडीवाल्याच्या विहिरीवर तराजूवाली बाई घागर बुडवेना. एका घरात दोघं भाऊ दोन डब्यांत गेले आणि बैलाच्या खुंट्यावरून डोकी फुटली. बारशाला गेलेल्या पाहुण्यालाही पहिलं विचारत, कोन्या डब्यातला गा तू? लच्छूला विचारलं तर तो म्हणे, मी पान्यातला. लोक हसत, पण हसून झाल्यावर पुन्हा विचारत.

मतं पडून गेली, निकाल यायचा होता. तेवढ्यात पल्याडून सांगावा आला. सरपणाला गेलेली बाई वाघानं नेली, हाका करायचा आहे, माणसं पाठवा.

लच्छू आधी भैयाजीकडे गेला.

"निवडनूक आपल्या घरची हाय," भैयाजी म्हणाला. "पल्याडच्यायचं त्यात काय? जा, सांग, मानसं येतेत."

गुणवंतरावही तेच म्हणाला. वर एवढं जोडलं की शिडीच्या माणसांहून तराजूची माणसं जास्त निघतील, मोजून घेजो.

लच्छूनं तसा शब्द नेला. ठरलं असं, की पल्याडच्यांनी डोंगरावरून वाघ हाकत आणायचा आणि अल्याडच्यांनी नाल्याचं तोंड धरून उभं राहायचं, म्हणजे तो नाल्यात न निसटता पल्याडच्यांनी मचाणावर बसवलेल्या बंदुकीपुढेच जाईल. आपली माणसं गावातून निघाली की ढोल वाजवायचा. पाण्यावरून आवाज लांब जातो. ढोल ऐकला की पल्याडच्यांनी डोंगरावरून सुटायचं. ते खाली पोचेपर्यंत आपली माणसं नदी उतरून नाल्यावर. रीत जुनीच होती. नाल्याला लागून पल्याडच्यांच्या रांगेचं शेवटचं टोक. ती जागा राजय्यानं मागून घेतली.

"तुमच्या मानसायच्या बाजूले मीच राह्यतो, अन्ना," तो लच्छूला म्हणाला.

हाक्याच्या सकाळी लच्छूनं आपल्या डोंग्यातलं पाणी उपसलं, आणखी दोन मागून आणले, तिन्ही काठाशी लावून बसला. गावात ढोल वाजला. पल्याडच्या डोंगरावर आरोळी उठली. लच्छूला बरं वाटलं.

पण ढोल जवळ येईना. तो गावातल्या गावातच फिरत होता. लच्छू दरड चढून वर गेला आणि पाहतो तर गुलाल. चांद्याहून निकाल आला होता. शिडी जिंकली होती आणि लोकांनी भैयाजीला खांद्यावर घेतलं होतं.

लच्छू गर्दीत घुसला, भैयाजीचा पाय धरून ओढला. हाका सुटला, म्हणाला. भैयाजीच्या तोंडावरचं हसू थोडं उतरलं. तराजूवाले रागानं घरी बसून राह्यले, तो म्हणाला; आमची मानसं नदीपार गेली त घरं कोन राखन? लच्छू गुणवंतरावाकडे धावला. तिथं दार लावलेलं. आतूनच आवाज आला की आता शिडीचं राज आहे, नालाही शिडीलेच राखाले सांग.

लच्छू एकटाच डोंगा हाणत गेला. वल्ह्याचा बांबू घेऊन नाल्याकडे धावताना त्याच्या ध्यानात आलं, की डोंगरावरचा गलबला बंद झाला आहे.

नाल्याचं तोंड मोकळं होतं. वाघ तिथूनच निघाला आणि निघता निघता टोकाच्या माणसावरून गेला.

राजय्या जगला. उजवा हात खांद्यापासून गेल्यासारखाच झाला. जाळं फेकायचा हात तो. जखम थोडी भरल्यावर लच्छू भेटायला गेला. राजय्याच्या म्हातारीनं त्याला बसायला चटई टाकली, पण पाणी दिलं नाही. राजय्यानं छताकडे पाहतच विचारलं.

"अन्ना, ढोल वाजला ना तुमच्या गावात?"

"वाजला."

"मले वाटलं मलेच भास झाला. कायचा होता?"

लच्छूला खोटं सांगता आलं असतं.

"शिडी जितली. त्याचा."

राजय्यानं शिडी म्हणजे काय ते विचारलं. लच्छूनं डबे, चित्रं, सारं सांगितलं. बोलता बोलता त्यालाच ते पोरांच्या खेळासारखं वाटायला लागलं. राजय्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं.

"मंग आता तुमच्या गावात आमचा मैतर कोन? शिडी का तराजू?"

लच्छू उठला.

पुढे काही दिवसांनी भैयाजी घाटावर आला. पल्याड सांग म्हणे, आमचं मन साफ होतं, दगा तराजूनं दिला. तो बोलत होता तेवढ्यात गुणवंतरावही उतरला. त्याचा निरोप उलटा, दगा शिडीचा.

"बसा," लच्छू म्हणाला. "दोघंही बसा डोंग्यात. तुमच्याच तोंडानं सांगा."

"तुयासारखी तेलगू कोनाले येते गा?" भैयाजी म्हणाला.

"राजय्याले मराठी येते. मी फुकट नेतो. पर शब्द आता मी कोनाचाच नेत नाई."

भैयाजीनं गुणवंतरावाकडे पाहिलं, गुणवंतरावानं भैयाजीकडे. आधी पाय कोण टाकतो ते दोघंही पाहत राहिले. लच्छूनं दोर सोडला आणि बांबूनं डोंगा काठापासून ढकलला.