सायलेन्सरमधला जाळ

अमळनेरला धुळे रोडवर ज्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे मी गाडी देतो, ते आबा आधी हात पाठीशी बांधून इंजिन ऐकतात. मध्ये कुणी बोललं की ओठांवर बोट ठेवतात.

दिवाळीनंतर कापसातून सरकी काढायची गिरणी असलेल्या एका जिनिंगवाल्याने रेसिंगसाठी बदल करून घेतलेली नवी गाडी तिथे आणली. ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की तिच्या सायलेन्सरमधून जाळ निघायचा. मला तो आवडलाही.

"आबा, जाळ अजून मोठा करा ना," जिनिंगवाला गाडीत बसूनच म्हणाला.

"पेट्रोल इंजिनमा जळाले पाहिजे. तठे जळनं नही, म्हणजे मंग तापेल पाइपमा पेटस," आबा म्हणाले. इंजिनात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटत होतं, तोच हा जाळ. "गाडी कोठे लावस?"

"जिनिंगमध्येच, कापसाच्या ढिगाजवळ."

आबांनी बंपरला चिकटलेला कापूस काढला, पकडीत धरला आणि सायलेन्सरमागे उकिडवे बसले. "रेस दे, मंग सोड."

फट्‌ आवाज झाला आणि कापूस क्षणात पेटला. मी दोन पावलं मागे सरलो. आबांनी तो पायाखाली चोळून विझवला.

जिनिंगवाला उतरून मागे आला. त्याने जमिनीवरचा काळा डाग पाहिला. मग त्याने किल्ली आबांच्या हातात दिली.

"कंपनीतून आली होती तशी करून द्या. तोवर मी रिक्षाने फिरतो."