पहिल्या तोड्याची टोपली
संत्रं सोललं की नाकाला झोंबणारा तो वास येतो आणि माझं डोकं आजही भणभणतं. मोर्शीच्या आमच्या छोट्याशा चर्चमध्ये, कापणीच्या सणाच्या आदल्या दिवशी, शहरातून एक गुरुजी आले होते, ख्रिस्ती दृष्टीनं इतिहास कसा वाचायचा ते शिकवायला. फळ्याजवळच्या टेबलावर माझ्या आत्यानं आंबिया बहारातल्या संत्र्यांच्या पहिल्या तोड्याची टोपली सकाळीच आणून ठेवली होती. देवाला अर्पण होईपर्यंत त्यातलं फळ कोणी चाखत नसे. गुरुजींनी फळ्यावर लांब रेघ ओढली, मधोमध क्रूस काढला, "इथं मिशन आलं" म्हणाले, आणि डावीकडं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अंधार'. "तुमचे पूर्वज इकडं. त्यांना देव ठाऊकच नव्हता." बोलता बोलता त्यांनी टोपलीतलं संत्रं उचललं, सोललं आणि एक फोड तोंडात टाकली. आत्या ताडकन उठली. "थुका ते! देवाचं हाय. माह्या पणज्यानं पैला तोडा देवाले वाहल्याबिगर कधी फोड चाखली नाई, अन् तो ख्रिस्ती नोता. मंग अंधारात कोन हाय, सांगा ना!" गुरुजी हसले. "बाई, भावनेनं इतिहास होत नाही." आत्या फळ्यापाशी गेली आणि पदरानं तो शब्द खसाखसा पुसून टाकला. आता चर्चमधला इतिहासाचा तो वर्ग मी घेते. राग उतरलेला नाही, उतरूही नये. पहिल्या तासाला मी रेघ ओढत नाही. भरलेली टोपली समोर ठेवते आणि अर्पणाआधी कोणाचा हात पुढं येतो ते बघते.