टायरगाडीवरची वाफेची खोली

वाफेच्या खोलीतल्या बाकड्यावर मी स्वतः बसून बघितलं आणि खोली पास केली. चूक म्हणाल तर एवढीच.

तेव्हा मी साखर कारखान्यात ओव्हरसिअर होतो, तोही हंगामी. पावसानं दगा दिलेला, उसाचा पत्ता नाही, ऊस टाकायच्या गव्हाणीत चिमण्या नांदत होत्या. हंगामी माणसं घरी बसवणार, ही बातमी रोज कॅन्टीनमध्ये चहाच्या आधी टेबलावर यायची. अशात आमचे चेअरमन सहकाराचा अभ्यास करून कुठल्याशा बर्फाच्या देशातून परतले. सहकाराचं काय पाहिलं ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण तिकडं तळ्याच्या काठी लाकडाची खोली असते, तिला सॉना म्हणतात, तिच्यात तापल्या दगडांवर पाणी मारून वाफ घेतात आणि घाम फुटला की थेट तळ्यात उडी टाकतात, हे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं.

मग मला बोलावलं. "आपल्या धरणाच्या काठाला तसली एक कर. पलीकडच्या काठावरच्याकडं नसली पायजे असली वस्तू."

पलीकडच्या काठावरच्या कारखान्याचे चेअरमन म्हणजे ह्यांचेच चुलतभाऊ. दोघं एका मांडवात जेवत नसत.

"जमलं तर तुला कायम करतो," साहेब म्हणाले.

'कायम' हा शब्द कानात शिरला आणि मला त्या बर्फाच्या देशातल्या माणसांहून जास्त अक्कल आली. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "घाम काढायला खोली कशाला? चैतात आपल्या पत्र्याखाली बसवा की त्यांना." हा मुद्दा मी नकाशात घेतला नाही.

लाकूड फुकटात जमलं. यंत्रं ज्या खोक्यांतून आली होती त्यांच्या देवदारी फळ्या गोदामात पडून होत्या. एका फळीवर 'नाजूक माल, आदळू नये' असं छापलेलं होतं. ती मी आतल्या बाजूला घेतली. मळीचं पिंप कापून शेगडी केली, वर नदीतले काळे दगड रचले आणि ते निसटू नयेत म्हणून जाळी ठोकली. ह्या सगळ्या प्रकरणात नीट झालेलं माझं काम म्हणजे ती जाळी.

अडलं ते पाण्यापाशी. काठावर खुंटी ठोकावी आणि आठवड्यानं जाऊन बघावं, तर पाणी मागं हटलेलं आणि खुंटीच्या पुढं लोकांनी गाळात टरबुजाचे वेल लावलेले. तीनदा खुंटी हलवली. चौथ्यांदा मला सुचलं, पाणी थांबत नसेल तर खोलीच चालती करू! ऊस वाहायच्या टायरगाड्या आवारात रिकाम्या होत्याच. एकीवर मी खोली चढवली. पुढं शेगडी, मागं बाकडं आणि मागच्याच बाजूला बाहेर उघडणारं दार. दार उघडलं की समोर पाणी! बैल सोडायचे, जू टेकूवर ठेवायचं, की झालं. बाकड्यावर बसून बघितलं, गाडी हलली नाही. त्या काळात माझी तब्येत अशी होती की शर्ट माझ्या अंगात आहे की दोरीवर, ते जवळ आल्याशिवाय कळत नसे.

आणि साहेब? साहेबांची गूळतुला झाली तेव्हा गावातला गूळ संपून चौसाळ्याहून आणावा लागला होता.

शिमग्यानंतरच्या एका सकाळी साहेब पंचा लावून आत शिरले. दार लागलं, पाणी चरचरलं, फटींतून वाफ निघाली. आतून आवाज आला, "हाय बे, अगदी तसंच हाय! कायम झालास समज!"

मी बाहेर उभ्या उभ्या मनातल्या मनात पेढे वाटून घेतले. तेवढ्यात साहेब पाय लांब करून मागं रेलले असावेत. ज्यानं आयुष्यात एकदा गाडी भरली आहे त्याला ठाऊक असतं, मागं ओझं झालं की गाडी उलाळ होते. जू टेकूवरून उठलं आणि सावकाश आभाळाकडं गेलं. खोलीचं बूड खाली बसलं, दार गाळात रुतलं. आतून साहेब 'आदळू नये' त्या फळीवर आदळल्याचा आवाज आला. पुढचे शब्द छापण्यासारखे नाहीत.

मी जू धरून लोंबकळलो. काहीही फरक पडला नाही.

टरबुजाच्या वेलांतून माणसं धावत आली. पुढं एक म्हातारी. "आत कोन हाय?"

"चेअरमन!"

"आपलं का पलीकडचं?"

"आपलं!"

"मंग काढा," ती मागच्या गड्यांना म्हणाली.

पाच जण जुवाला लटकले, तेव्हा जू खाली आलं. दार उघडलं आणि साहेब उकडलेल्या रताळ्यासारखे लालभडक बाहेर पडले ते थेट गाळात. तिथून तसेच पाण्यात शिरून गळ्यापर्यंत बुडून बसले. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"साहेब, ते माझं कायमचं..."

"तुला काढत न्हाई बे," साहेब पाण्यातूनच म्हणाले. "वशिला लावून पलीकडच्या कारखान्यात कायम करतो. दोन हंगामांत त्यो बुडाला पायजे."