पार्ट टू आला, मावशी

गेम आला होता. मी मावशीला आला नाही म्हणून सांगितलं.

सलग आठ दिवस सांगितलं.

नवव्या दिवशी मावशी गेली.

आज तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून आलोय. दुकान उघडायची इच्छा नाही. अर्ध्या शटरखाली बसून हे लिहितोय.

कांतामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. मारेगावला बसस्टँडजवळ माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथे ती चार वर्षांपूर्वी चार्जिंगची पिन बदलायला आली होती. वय तेव्हा चौपन्न-पंचावन्न. हंगामात कापूस वेचायला जायची आणि विहारातल्या महिला मंडळात भीमगीतांना ढोलकी वाजवायची.

पिन बदलेपर्यंत बसून कंटाळेल म्हणून मी तिच्या हातात माझा फोन दिला. त्यात एक रिदम गेम होता. गाणं वाजतं, वरून रंगीत पट्ट्या खाली येतात, रेषेवर आल्या की बरोब्बर ठेक्यावर बोट मारायचं. चुकलं की मिस.

मी तो गेम दोन वर्षं खेळत होतो. तिने तिसऱ्याच गाण्याला मला हरवलं.

फोन हातात धरायचीच नाही. डोक्याचं फडकं सोडून, घडी करून काउंटरवर ठेवायची. त्यावर फोन आडवा. मग दोन्ही हातांची बोटं ढोलकीवर ठेवतात तशी ठेवायची आणि डोळे मिटून घ्यायची.

"मावशी, पट्ट्या तरी पाह्य."

"ठेका पाहून वाजवतेत काय रे? आयक ना."

तेव्हापासून आमचा नियम झाला. हरेल त्याने चहा पाजायचा. चार वर्षं चहा मीच पाजला.

तिची एकच अडचण होती. कापूस वेचून वेचून बोटांची टोकं इतकी खरखरीत झाली होती की स्क्रीन कधीकधी टच घ्यायचाच नाही. ओल्या फडक्याने बोटं पुसायची, पुन्हा मारायची.

"म्या मारलं होतं बरं. यानंच घेतलं नाही."

"हो मावशी, अंगणच वाकडं."

यावर ती जी हसायची, ते बाजूच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जायचं.

या गेमचा पार्ट टू येणार, हे तिला मीच सांगितलं होतं. मग रोज यायला लागली. आत न येता, दारातूनच.

"जयभीम. आला काय रे तो दुसरा?"

ज्या दिवशी आला, त्या दिवशी सकाळीच मी डाउनलोड केला. आणि डोक्यात आलं की एकदा, फक्त एकदा, हिला हरवायचं. आठ-दहा दिवस गुपचूप प्रॅक्टिस करू, मग दाखवू. दुपारी शटर अर्धं ओढून खेळत बसायचो.

"आला काय रे?"

"नाही मावशी. लेट होऊन राह्यला म्हणतात."

सहाव्या दिवशी एका फोनचा डिस्प्ले चिकटायची वाट बघत होतो. बोटं आपोआप काउंटरवर वाजत होती. मावशी दारात कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"हा ठेका कुठचा रे?"

"असाच, मावशी."

"असाच काय," ती म्हणाली. "बरं." आणि गेली.

पार्ट टू कसा आहे, असं आपल्या या गेमच्या ग्रुपवर दोघा-तिघांनी विचारलंय. सांगून टाकतो.

ग्राफिक्स भारी. गाणी कमी, त्यातली चांगली सगळी लॉक. मध्येच जाहिरात येते आणि लय मोडते. आता काही पट्ट्या दाबून बाजूला सरकवाव्या लागतात, ते मला अजून जमत नाही. मावशीला जमलं असतं. ढोलकीवर ती तळहात असाच घासायची.

आणि सेटिंगमध्ये एक नवीन ऑप्शन आहे. टच सेन्सिटिव्हिटी. कोरडी, खरखरीत बोटं असतील तर वाढवता येते.

हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दिसल्याबरोबर तिची बोटं आठवली होती. तरी गप्प बसलो. म्हटलं, आधी मी जिंकतो, मग दाखवतो.

गुरुवारी सकाळी तिच्या छातीत दुखलं. यवतमाळला नेत होते. वाटेतच गेली.

आज कार्यक्रम झाल्यावर तिची सून शिल्पा मला चहा द्यायला आली. कप हातात देत म्हणाली,

"आईले माहीत होतं भाऊ, गेम आला म्हणून."

"कसं काय?" मी विचारलं.

"म्हणे, त्याचे बोटं नवाच ठेका वाजवून राह्यले. मले हरवाले शिकून राह्यला तो. मी म्हटलं, मंग रोज जाऊन विचारता कायले? तं म्हणे, नाही विचारलं तं त्याले वाटन मले समजलं. शिकू दे त्याले. चार वर्स झाले, पोरगं हरूनच राह्यलं."

चहा तसाच ठेवून उठलो.

मी जिंकावं म्हणून ती वाट बघत होती. आणि मी तिच्यापासून गेम लपवून बसलो होतो. लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही.

तिचं एक फडकं माझ्या दुकानात राहिलंय. आत्ता त्याची घडी करून काउंटरवर ठेवली. त्यावर फोन आडवा ठेवला. टच सेन्सिटिव्हिटी फुल केली.

गाणं लावलं आणि हात मागे घेतले.

पट्ट्या येत राहिल्या. मिस, मिस, मिस. मध्ये बंद करावंसं वाटलं, पण गाणं संपेपर्यंत बसलो.

नव्या पार्टमध्ये तुझा एकही स्कोअर नाही, मावशी. माझ्यामुळेच तो राहून गेला.

रोज दारातून तू विचारायचीस. आज मी सांगतो.

जयभीम, मावशी.

गेम आला.