पत्र्याच्या यानावरचं कुंकू

लग्न झालं त्याच वर्षी मी सोलापुरात एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागले. सासूबाईंना माझी नोकरी फारशी पटली नव्हती. त्या वळसंगला शेतावर असत, आणि आल्या की म्हणत, "घरातली बाई दिसभर भाईर."

देशाचा पहिला उपग्रह नुकताच आकाशात गेला होता. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, वर त्याच्या अंगाला चरा पडला तर बघणार कोण?"

त्या प्रश्नावरून आम्ही विज्ञान प्रदर्शनासाठी यंत्र केलं. पत्र्याचं यान, चंदेरी रंगाचं. त्याच्या कडेनं रुळावर सरकणारी छोटी गाडी. तिच्यावर एक दिवा आणि उजेड ओळखणारा इवलासा डोळा. चकचकीत पत्र्यावरून उजेड भरपूर परत येई. रंग उडाला असेल तिथं कमी, आणि मग घंटा वाजे.

प्रदर्शनाच्या सकाळी घंटा वाजेचना. ती मुलगी रडकुंडीला आली. खिडकीतून ऊन थेट त्या डोळ्यावर पडत होतं, हे उशिरा ध्यानात आलं. तिच्या घरी माग होते. तिनं धावत जाऊन एक चादर आणली आणि आम्ही ती खिडकीला बांधली.

तेवढ्यात वळसंगहून सासूबाई प्रदर्शन बघायला आल्या. यान बघून त्यांनी पिशवीतला करंडा काढला आणि त्याच्या अंगावर कुंकवाचं बोट ओढलं. नको म्हणायचं मला धाडस झालं नाही.

परीक्षक आले. गाडी सरकली आणि आम्ही पाडलेल्या चऱ्याच्या आधीच घंटा वाजली. परीक्षक वाकले. "इथं काय आहे?"

"म्याच लावलंय," सासूबाई म्हणाल्या. "नवं यंत्र हाय. पूजा नको व्हय?"

ते हसले. "आजी, आता दुसरीकडं लावा बघू."

त्यांनी शेपटाकडं लावलं. गाडी तिथं पोचली आणि पुन्हा घंटा.

"दिसतंय की ह्याला," सासूबाई हळूच म्हणाल्या.

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. सासूबाई दिवसभर तिथंच बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईनं केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात घेतली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढली.

"भाकरी मी करते. तुला उशीर हुईल."

त्या सकाळी मी पहिल्यांदा निवांत चहा पिऊन कॉलेजला गेले.