हरिबाच्या शेजारची सीट

हरिबा नेमकं काय काम करतात, हे आमच्या गल्लीत कुणालाच धड सांगता यायचं नाही. "कुठंतरी गाड्या चालवतात," एवढंच. सैन्यात ट्रक चालवून निवृत्त झाले आणि साताऱ्याच्या पुढं माळावर एका कंपनीचा ट्रॅक आहे तिथं लागले. वेगवान स्पोर्ट्स गाड्या विकायला काढण्याआधी तिथं पळवून बघतात. आठवडाभर तिथल्याच खोलीत एकट्यानं राहायचं आणि शनिवारी एसटीनं सांगली गाठायची. मुलगा यशराज सैन्यात, लांब. घरी बायको मनुबाई आणि तिचं पिको-फॉलचं मशीन.

मनुबाईची आणि माझी भिंत एक. हरिबा आले की माझ्याकडं चहाला डोकावायचे, कारण मी विचारायची.

"आवं वैनी, तुमी इचारता म्हणून सांगतो. न्हाईतर हितं कुणाला पडलंय?"

एकदा त्यांनी दारातल्या माझ्या दोन चपला पुढं ओढल्या. एक ब्रेक, एक अ‍ॅक्सिलरेटर. "तुमी-आमी दोनी कामं उजव्याच पायानं करतो. ट्रॅकवर तसं न्हाई. ह्या गाड्यांना क्लच नसतो, डावा पाय मोकळा. त्यो ब्रेकवर ठेवायचा. उजवा अ‍ॅक्सिलरेटरवरच. वळणात डाव्यानं जरा दाबलं की गाडीचं नाक भुईला बसतंय, आन् पाय उचलून हिकडनं तिकडं न्यायचा येळ वाचतो."

ऐकायला सोपं. पण त्यांचा डावा पाय जन्मभर ट्रकचा क्लच तुडवलेला. सुरुवातीला ब्रेकवरही तो तसाच पडायचा, की पट्ट्यानं छाती आवळायची. त्या पायाला हलकेपणा शिकवण्यात त्यांचे दोन पावसाळे गेले.

"आन् दोनी पाय एकदम जोरात पडलं तर?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

ते हसले. "तर काम्पूटर रुसतो. पूर्वी पायापासनं इंजिनापतोर तार असायची. आता आपण नुसता अर्ज करायचा, मंजूर करणारा आत बसलाय. दोनी दाबलं की त्याला वाटतं, ह्या माणसाचं कायतरी बिनसलं. मग इंजिनाचा जोर काढून घेतो. पाय सोडून पुन्हा दाबस्तवर गाडी नुसती रांगते."

हे सगळं मनुबाईला का सांगत नाही, असं मी विचारलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून मनुबाईच बोलली, "मला नगं त्यातलं कायबी. शेजारी वाळूचं पोतं बसवून फिरत्यात न्हवं? त्यालाच सांगा म्हणावं."

खरंच होतं ते. माणसाच्या वजनाचं पोतं पट्ट्यानं बांधून ते दिवसभर चकरा मारायचे. हरिबांनी चहा संपवला आणि चपला पुन्हा जागेवर लावल्या.

मनुबाईचं तोंड तिखट होतं, पण ते भीतीपोटी. फोन वाजला की, ट्रॅकवर काही झालं तर नाही ना म्हणून, तिचा मशीनवरचा पाय थांबायचा. ट्रॅकवर वर्षातून एकदा घरच्यांचा दिवस असतो. ड्रायव्हरनं आपलं माणूस शेजारी बसवून एक चक्कर मारायची. ही कधीच गेली नव्हती. या वर्षी हरिबांनी मला गाठलं. "वैनी, तिनं एकदा बगावं, मी काय करतो ते. बास, दुसरं काय न्हाई." पुढच्या वर्षी त्यांची नोकरी संपणार होती.

मी सोबत येते म्हटल्यावर ती तयार झाली.

ट्रॅकवर पदर खोचून, हेल्मेट घालून मनुबाई गाडीत बसली, तेव्हा तिचे नुसते डोळे दिसत होते आणि तेही मिटलेले. तौसीफ नावाचा त्यांचा सोबती कठड्याजवळून ओरडला, "हरिभाऊ, आज पोतं बोलणारं हाय, जपून!"

गाडी सुटली. पहिल्या वळणापर्यंत नुसता आवाज. पण वळणात शिरली आणि आवाज एकदम बसला. इतकी तेज गाडी मलूल होऊन बाहेर आली. तौसीफ हसायला लागला. "भाऊंनी दोन्ही दाबलं! नवशिक्यासारखं!"

मला वाटलं, आता पुन्हा पळेल. समोर लांबलचक सरळ रस्ता होता. गाडी पळाली नाही. उरलेली सगळी चक्कर, लग्नाच्या वरातीतली गाडी चालावी तशी, हळूहळू पुरी झाली.

मनुबाई उतरली ती हसतच. "आगं बया! येवढ्यासाठी मी इतकी वर्सं जीव टांगून बसले व्हय? बैलगाडी बरी ह्यांच्यापरास. कडंचे डोंगर मोजले मी!"

ती पाणी प्यायला गेली, तसे हरिबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. हातमोजे काढता काढता बोलले. "वळणात तिनं माजा दंड धरला, वैनी. डावा पाय धपकन पडला, पयल्यासारका. उजवा हुता तितंच. गाडीनं जोर सोडला. मी पाय काढून पुन्हा देणार हुतो. तवर हिनं डोळं उघडलं."

"मग?"

"भाईर बगाय लागली. कवा न्हाई ती निवांत. मग म्या न्हाई पळवली."

"सांगा की तिला. अजून एक चक्कर मागून घ्या."

त्यांनी मान हलवली. "तुमीबी सांगू नगा."

परतीच्या एसटीत मनुबाई कराडपर्यंत शांत झोपली. गल्लीत पोचल्यावर तिनं सगळ्या बायकांना ऐकवलं, ह्यांची नोकरी म्हणजे आराम आहे नुसता, माळावर हिंडायचं आणि पगार घ्यायचा. आता फोन वाजला तरी तिचं मशीन चालूच असतं.

पुढच्या शनिवारी हरिबा आले. जेवणाची पानं आम्ही तिघांनी एकत्रच घेतली होती. "त्या शीटात बसून बसून पाठ दुखत आसंल न्हवं तुमची?" वाढता वाढता मनुबाईनं विचारलं. "काम न्हाई कायबी, तरी माणूस दमतोच."

"व्हय," हरिबा म्हणाले. "दमतोच."

तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. ते माझ्याकडं न बघता जेवत राहिले. त्या दिवशी ते चहाला आले नाहीत, आणि नंतरही कधी गाडीबद्दल काही बोलले नाहीत.