वाढलेलं तेल

मिस्त्रीला सगळे शंकासुर म्हणत. तोंडावर म्हणत. चाळीस वर्षं इंजिनं उघडली, पण दुसऱ्यानं आवळलेल्या नटावर त्यानं कधी भरवसा ठेवला नाही. घरातून निघताना लावलेली कडी परत येऊन ओढून बघायचा. बायको म्हणायची, "कडी कुठं पळून जात नाही, चला आता."

अशा माणसाला खाणमालकानं गुरुवारी सकाळी बोलावलं. खाणीवर एक जुना डिझेलचा चेनचा ट्रॅक्टर होता. चाकांच्या जागी लोखंडी पट्टे, पुढे दगडमाती लोटायचं पातं. पंधरा दिवसांपासून टाकीतलं डिझेल रोज दोन लिटर जास्त उतरत होतं.

"शनिवारपर्यंत गळती सापडली तर ठीक," मालक म्हणाला. "नाही सापडली, तर गळती सीटवर बसलीय असं मी समजेन आणि सीट रिकामी करेन."

सीटवर बसणारा मिस्त्रीचा मेहुणा होता, धाकट्या बहिणीचा नवरा. एकोणीस वर्षं तोच ते धूड चालवत होता.

"आणि मिस्त्री, मेहुणा आहे म्हणून मला काही सांगू नका."

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी आईचंही ऐकलं नाही," मिस्त्री म्हणाला.

ओल्या इंजिनात गळती शोधायची नसते. सगळंच ओलं दिसतं. मिस्त्रीनं रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन वरपासून खालपर्यंत धुतलं. चिंध्यांनी कोरडं केलं. नळ्यांवर आणि जोडांवर खडूची पूड भुरभुरली, मेहुण्याला इंजिन चालू करायला लावलं आणि समोर दगडावर बसला. या कामाला दुपार झाली. पूड दोन ठिकाणी भिजली. एक फिल्टरच्या बोल्टाशी, तिथला तांब्याचा वायसर, म्हणजे बोल्टाखालची चकती, कडक झाला होता. दुसरं, धरून ठेवणाऱ्या कड्याला घासून बारीक झालेल्या नळीवर.

"नळीला साबण लावू का, दादा?" मेहुण्यानं विचारलं. "तात्पुरता."

"साबण अंगाला लावा, जावईबापू."

वायसर लाल होईपर्यंत तापवला, पाण्यात टाकून मऊ केला, बसवला. नळीचा घासलेला तुकडा कापून नवा जोड घातला. रात्रभर खाली पत्र्याचा ट्रे ठेवला. सकाळी ट्रे कोरडा. सकाळभर मशीन चाललं, तरी ट्रे कोरडाच. पण दुपारी टाकीत पट्टी बुडवली, तर पुन्हा हिशेबापेक्षा लिटरभर कमी.

बाहेर थेंब नाही आणि आत डिझेल नाही. मिस्त्रीनं मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्यानं चेनकडे बघितलं. मग मिस्त्रीनंही चेनकडे बघितलं. कड्याकड्यांवर काळं तेल चोपडलेलं होतं, वर धूळ चिकटलेली. या मालकानं चेनला तेल कधी दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तेवढ्यात बहीण नवऱ्याचा डबा घेऊन आली. भावाला ती लहानपणापासून ओळखत होती. "दादा, तू मशीन तपासतोयस की माझ्या नवऱ्याला?"

"दोघांना."

तिनं डबा दगडावर आपटला आणि आली तशी निघून गेली. मेहुणा जेवला नाही.

"इंजिनाला वरून तेल किती लागतं?" मिस्त्रीनं विचारलं.

"थेंब नाही!" मेहुणा उत्साहानं म्हणाला. "पंधरा दिवसांत वर टाकलेलंच नाही. म्हातारं पण सुधारलंय."

भांडकुदळ सासू एकाएकी गोड बोलायला लागली की सुनेला आधी संशय येतो, तसं मिस्त्रीचं झालं. झिजलेलं इंजिन तेल पितच असतं. त्यानं तेलाची पट्टी काढली. तेल बरोबर खुणेवर, ना केसभर वर ना खाली. हे त्याला जास्तच खटकलं. पट्टीवरचा थेंब त्यानं जुन्या वर्तमानपत्राच्या कडेवर सोडला. मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती फिकट कडं पसरत गेलं. त्यानं वास घेतला. डिझेल.

"चेनवरचं तेल कुठलं?"

मेहुण्यानं न उघडलेला डबा उचलून बाजूला ठेवला.

"जावईबापू, उद्या शनिवार आहे."

"इंजिनातलंच," तो शेवटी म्हणाला. "तेल आपोआप वाढत होतं, दादा. दर दोन दिवसांनी खालचा बोल्ट सैल करून खुणेपर्यंत काढायचो. टाकायचं कशाला, म्हणून चेनला लावलं."

"आणि मालकाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? डबा धरून इंजिनाखाली शिरलेला माणूस काय करतो, ते कोण विचारणार? आधीच चोर म्हणतायत."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. निर्दोष असल्याचा पुरावा हा माणूस दर दोन दिवसांनी चेनला फासत होता.

शनिवारी मालकासमोर मिस्त्रीनं फीड पंप इंजिनापासून सोडवला. हा पंप टाकीतलं डिझेल खेचून पुढे ढकलतो. टाकीची नळी त्यानं जोडलेलीच ठेवली आणि पुढचं तोंड बंद केलं. "हात धरा खाली," तो मालकाला म्हणाला.

"मी?"

"माझ्या हाताचं तुम्हाला खरं वाटणार नाही."

मालकानं पंपाच्या मागच्या, इंजिनाला टेकणाऱ्या बाजूला तळहात धरला. मिस्त्रीनं पंपाची दांडी वरखाली केली. पाच-सहा हिसक्यांत तळहात भरला, डिझेल मनगटावरून शर्टाच्या बाहीत उतरलं.

"आतला रबरी पडदा चिरलाय. डिझेल इथून इंजिनाच्या तेलात पडतं. अजून आठवडाभर असं चाललं असतं, तर पातळ झालेल्या तेलानं आतली बेअरिंगं गेली असती."

मालक हात पुसत राहिला. "हा बोलला का नाही मग?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

मालकानं भिजलेली बाही पिळली. "पडदा नवा घाला. तेल बदला," तो म्हणाला आणि मेहुण्याकडे न बघताच पुढे बोलला, "सोमवारपासून काम चालू."

पडदा मिस्त्री आणि मेहुण्यानं मिळून बसवला. नवं तेल ओतताना मेहुण्यानं विचारलं, "दादा, तुम्हालाही वाटलं होतं ना, मीच?"

"वाटलं होतं. दोन दिवस."

मेहुणा कॅन तिरपा धरून तेलाची धार बघत राहिला. "हे घरी सांगू नका."

"तिला माहीत आहे," मिस्त्री म्हणाला. "धार बारीक ठेवा, सांडतंय."